उलटी भाऊबीज

आमच्या आत्याकडे लाल पुठ्ठ्याची एक वही होती. सांगली-मिरजेच्या पट्ट्यातलं प्रत्येक लग्नाचं स्थळ तिच्यात होतं. नाव, शिक्षण, गोत्र, पगार हे सगळं शाईने. शेवटचा रकाना मात्र पेन्सिलीने. त्या रकान्यात आत्याचं मत असायचं. ‘घर स्वतःचं, पण तीन भावांत.’ ‘आई तापट.’ ‘बोलणं गोड, हात आखडता.’ पेन्सिल का, असं मी एकदा विचारलं तर म्हणाली, “वही भलत्याच्या हाती पडली तर खोडता येतं गं.”

ती वही मला पुन्हा दिसली ती चाळीसेक वर्षांनी, अमेरिकेत, इंडियानातल्या एका कॉलेजच्या गावात. आता ती एक्सेलमध्ये होती. गोत्राचा रकाना गेला होता, तिथे पदवीचं वर्ष आलं होतं. पगाराच्या जागी ‘ऐपत’. आणि शेवटच्या रकान्यात, खोडायची कसलीही सोय न ठेवता, लिहिलं होतं : ‘दुसरा घटस्फोट चालू आहे. सहा महिने थांबा.’

विषय लग्नाचा नव्हता. माझ्या लेकीच्या सोरॉरिटीचं घर गळत होतं, आणि ते नीट करायला तिथल्या माजी मुलींकडून किती पैसे निघतील याचा अंदाज बांधायला आम्ही पाच-सहा बायका बसलो होतो.

सोरॉरिटी म्हणजे काय, हे लेक कॉलेजात गेली तेव्हा मी आईला फोनवर समजावून सांगत होते.

“वसतिगृह का?”

“वसतिगृहच, पण सगळ्या राहत नाहीत.”

“मग भिशी?”

“पैसे दर महिन्याला भरतात, पण नंबर कुणाचाच लागत नाही.”

“मग महिला मंडळ म्हण की.”

“तसंच. फक्त आत घेताना एक गुप्त विधी असतो. तो आईवडिलांनाही सांगायचा नसतो.”

पलीकडे बराच वेळ शांतता. मग, “पण शाकाहारी मिळतं ना तिथे?”

मुलांच्या ग्रीक अक्षरांच्या फ्रॅटर्निटी आधीपासून होत्या आणि तिथे मुलींना दार बंद. म्हणून १८७० मध्ये याच इंडियानातल्या ग्रीनकॅसल गावात चार मुलींनी कप्पा अल्फा थीटा काढली. तेव्हा ‘सोरॉरिटी’ हा शब्दसुद्धा रूढ नव्हता. बायकाही आपल्या संघटनेला फ्रॅटर्निटीच म्हणायच्या. तो शब्द १८८२ मध्ये सिरॅक्यूज विद्यापीठातल्या फ्रँक स्मॉली नावाच्या लॅटिनच्या प्राध्यापकांनी गॅमा फाय बीटाच्या मुलींना सुचवला. लॅटिनमध्ये ‘सोरोर’ म्हणजे बहीण. त्याच सिरॅक्यूजमध्ये १८८६ साली अल्फा फायच्या मुलींनी स्वतःच्या मालकीचं घर बांधलं, आणि घराचं हे वेड जे लागलं ते आजतागायत. १८८६ हे साल माझ्या लक्षात राहतं, कारण त्याच वर्षी मार्चमध्ये फिलाडेल्फियाला आनंदीबाई जोशी डॉक्टर झाल्या. त्या माझ्या कुणी लागत नाहीत. आडनाव जोशी असलं की हे आधी सांगून टाकावं लागतं.

लेकीचं घर १९२०च्या दशकातलं. विटांचं, वेलींनी झाकलेलं, दारात पांढरे खांब. फोटोत बघितलं तर वाटावं, इथल्या मुलींना सर्दीसुद्धा होत नसेल. आतलं वायरिंग मात्र खोलीत एक दिवा आणि फार तर एक रेडिओ असण्याच्या काळातलं. आता एकेकीकडे केस वाळवायचं एक यंत्र, ते सरळ करायचं दुसरं, आणि सरळ केलेले पुन्हा कुरळे करायचं तिसरं. शुक्रवारी संध्याकाळी साठ मुली एकदम तयार व्हायला लागल्या की दुसऱ्या मजल्यावर काळोख. आग लागली तर पाणी फवारणारी यंत्रणा नाही. छप्पर गळतं, पण एकाच ठिकाणी गळत नाही, त्यामुळे बादली कुठे ठेवायची हा रोजचा प्रश्न. घराची मालकी राहणाऱ्या मुलींची नसते, माजी सदस्यांच्या ‘हाउस कॉर्पोरेशन’ची असते. तिचे हिशेब मी बघते. मी सी.पी.ए. आहे, लेक तिथली आहे आणि मी भारतीय आहे. यातल्या तिसऱ्या कारणामुळे मला गणितातलं सगळं येतं असा तिथे समज आहे, आणि मी तो मोडत नाही.

आर्किटेक्टने आकडा सांगितला, ३० लाख डॉलर. मी मनातल्या मनात पावतीपुस्तकं छापायला टाकली. पण इथे तसं नसतं. आधी एक सल्लागार नेमायची. तिने सहा महिने हिंडून, तीस-चाळीस बायकांना एकेकट्या गाठून विचारायचं की, समजा कुणी तुमच्याकडे या घरासाठी पैसे मागितले, तर तुम्ही साधारण काय म्हणाल? याला फीजिबिलिटी स्टडी म्हणतात. यात पैसे मागायचे नसतात. मागितलेले चालतील का, ते विचारायचं असतं. आणि या विचारण्याची फी सल्लागाराला द्यायची असते, जी आपल्याकडे नाही म्हणून तर हा सगळा खटाटोप.

घरी आल्यावर नवऱ्याला सांगितलं. तो म्हणाला, “आमच्या चाळीत पोरं बेल वाजवून ‘काका, पाचशे एक’ म्हणायची. काका ‘एकशे एक’ म्हणायचे. झाला की स्टडी.”

मला मात्र ते अगदीच परकं वाटलं नाही. आत्यानेही कधी कुणाला थेट विचारलं नव्हतं. ‘सहज आले होते इकडे’ म्हणून ती जायची, दोन वेळा चहा घ्यायची, पापडाच्या पिठावर बोलायची, आणि निघताना चपला पायात सरकवता सरकवता म्हणायची, “तुमच्या शरदचं काही बघताय का, की इतक्यात नाही?” त्या ‘इतक्यात नाही’मध्ये नकाराची अब्रूदार सोय करून ठेवलेली असायची. सल्लागाराच्या साठ पानी प्रस्तावात मला तेवढंच सापडलं.

ही सल्लागार पन्नाशीची, गळ्यात मोत्यांची माळ, आवाज स्त्रीरोगतज्ज्ञासारखा हळू. पहिल्याच बैठकीत तिने फळ्यावर दोन शब्द लिहिले. आपल्या भाषेत सांगायचं तर ऐपत आणि ओढ. “ऐपत आहे, ओढ नाही, तिच्यावर फार वेळ घालवायचा नाही. ओढ आहे, ऐपत नाही, तिला समितीवर घ्यायचं.” आम्ही सगळ्यांनी ते वहीत उतरवून घेतलं. माझ्या डोक्यात प्रकाश पडायला पार्किंग लॉटपर्यंत वेळ लागला.

मग तिने एक त्रिकोण दाखवला. ३० लाख जमवायचे म्हणजे दोन हजार जणींनी प्रत्येकी दीड हजार द्यायचे, हे माझं गणित. ते ऐकून ती आईच्या मायेने हसली. तसं कधीच होत नाही, म्हणाली. एकीने पाच लाख द्यायचे. दोघींनी अडीच-अडीच लाख. चौघींनी एकेक लाख. आठजणींनी पन्नास हजार, सोळाजणींनी पंचवीस, चाळीसजणींनी दहा. बेरीज केली तर ३० लाखांपैकी २६ लाख फक्त ७१ बायकांकडून. उरलेल्या सगळ्यांनी मिळून चार लाख, आणि त्यांच्याशीच सगळ्यात जास्त पत्रव्यवहार. शिवाय एका ‘हो’मागे तीन-चार जणी तरी हाताशी लागतात, कारण बाकीच्या ‘इतक्यात नाही’ म्हणणार. अर्ध्याच्या वर रक्कम गुपचूप जमल्याशिवाय मोहीम जाहीरच करायची नाही. साखरपुडा झाल्यावर पत्रिका, त्याआधी कुणाला काही बोलायचं नाही. हेही आत्याचंच.

आता त्या ७१ जणी शोधायच्या कुठे? यादी होती. दोन हजारांच्या आसपास नावं, त्यांतली एक चतुर्थांश ‘हरवलेली’. हा इथला अधिकृत शब्द आहे. शेजारच्या फ्रॅटर्निटीला हा ताप नाही. पुरुष ज्या नावाने जन्मतो त्याच नावाने मरतो, मध्ये फक्त पत्ता बदलतो. मुलगी पदवी घेते एका आडनावाने, लग्नानंतर दुसरं, घटस्फोटानंतर पुन्हा पहिलं, दुसऱ्या लग्नात दोघांची मिळून मध्ये रेघ. १९७४ च्या वर्गातली एक बाई यादीत पाच ठिकाणी होती. तिला दर नाताळला पाच पत्रं जात. ती एका पत्राला उत्तर म्हणून पन्नास डॉलर पाठवायची आणि उरलेल्या चार ठिकाणी तिच्या नावापुढे ‘प्रतिसाद नाही’ असा शेरा पडायचा. आमच्यात पूर्वी लग्नात पहिलं नावसुद्धा बदलायचे, हे मी त्यांना सांगितलं नाही. समितीच्या खजिनदारबाईंना आधीच रक्तदाब आहे.

शिवाय, ज्या सापडतात त्यांच्याबद्दलही एक जुनी तक्रार आहे. नवरा-बायको दोघं कमावतात, पण चेक जातो नवऱ्याच्या कॉलेजला. खजिनदारबाई हे सांगताना इतक्या कळवळतात की मला आमच्याकडच्या बायका आठवतात, ‘सासरचं सगळं करतात, माहेराकडे बघत नाहीत’ म्हणणाऱ्या. तेव्हा माझ्या लक्षात आलं की हे माहेरच आहे. या मुली अठराव्या वर्षी इथे येतात, बाविसाव्या वर्षी रडत जातात, आणि पुढची साठ वर्षं होमकमिंगला, म्हणजे माजी विद्यार्थ्यांच्या मेळाव्याला, येऊन जिन्यात उभं राहून फोटो काढतात. फरक एवढाच की आमचं माहेर लेकीची ओटी भरून पाठवतं, निघताना पिशवीत लोणचं घालतं. या माहेराला लेकीकडून हवं असतं. उलटी भाऊबीज. ओवाळायचंही तिनेच आणि ताटात घालायचंही तिनेच.

ऐपत मोजायला एक संगणकाची कंपनी असते. यादी तिच्याकडे धाडली की आठवड्याभरात प्रत्येक नावापुढे चांदण्या लागून येतात. यात चोरून काही नसतं. अमेरिकेत हे सगळं उघड्यावर आहे. घराची किंमत आणि त्यावरचा कर काउंटीच्या साइटवर कुणालाही दिसतो, सातबारा घरबसल्या. निवडणुकीत एखाद्या उमेदवाराला २०० डॉलरच्या वर दिले की नाव-गाव-धंद्यासकट नोंद सरकारदरबारी. कंपनीत मोठ्या हुद्द्यावर असाल तर तिचे किती शेअर्स घेतले-विकले ते जाहीर. कुठल्या धर्मादाय संस्थेच्या मंडळावर आहात तेही. आत्याला हे सगळं कळायला एक शेजारीण, एक तलाठी आणि एक फुटका पोस्टमन लागायचा. माजी मुलींबरोबर पालकांची नावंही यादीत घातली होती. माझं नाव शोधून बघायचं नाही असं मी ठरवलं, आणि खरंच बघितलं नाही. माणसाने काही गोष्टींत मर्यादा पाळावी, असं मला तेव्हा वाटत होतं.

या चांदण्या बघताना मला पंडिता रमाबाई आठवत राहिल्या. आनंदीबाईंच्या पदवीदानाला म्हणून १८८६ मध्ये त्या अमेरिकेत आल्या आणि मग गावोगाव बोलत हिंडल्या. मुंबईत विधवांसाठी शाळा काढायची होती. ना जागा, ना नकाशा, ना आर्किटेक्ट. १८८७ च्या डिसेंबरात बॉस्टनमध्ये रमाबाई असोसिएशन उभी राहिली, शाळा दहा वर्षं चालवायची हमी घेऊन. ठिकठिकाणी रमाबाई सर्कल निघाली. १८८९ च्या मार्चमध्ये मुंबईला शारदा सदन उघडलं. आणि या कामात त्यांच्या पाठीशी उभ्या राहिलेल्या फ्रान्सिस विलर्ड कोण, तर अल्फा फायच्या सदस्य. म्हणजे सोरॉरिटीच्या बाईने मराठी बाईला पैसे उभे करायला मदत केल्याचा पूर्वेतिहास आहे, मी फक्त परतफेडीला बसले आहे. हे सगळं मी फार उत्साहाने सल्लागाराला सांगितलं. तिने लक्ष देऊन ऐकलं आणि विचारलं, “तिची पहिली देणगी एकूण उद्दिष्टाच्या किती टक्के होती?”

नियमाने भेटींना सल्लागाराने एकटीने जायचं, म्हणजे बायका मोकळेपणी बोलतात. पण जानेवारी होता आणि बर्फात चालेल अशी गाडी माझ्याकडे होती, म्हणून दोन-तीन वेळा मी ‘नोंदी घ्यायला’ गेले. भेटीची रीत ठरलेली. पहिलं वाक्य, “आम्ही पैसे मागायला आलेलो नाही.” मग जुन्या आठवणी. मग घराचा नकाशा. मग तो त्रिकोणाचा कागद उलटा, समोरच्या बाईच्या बाजूला सुलटा दिसेल असा, टेबलावरून हळूच पुढे सरकवायचा आणि म्हणायचं, “यात तुम्ही स्वतःला साधारण कुठे बघता?” यानंतर गप्प बसायचं. कितीही अवघड वाटलं तरी आपण बोलायचं नाही. जो आधी बोलेल तो हरला, असं सल्लागार गाडीत तीनदा म्हणाली होती.

पहिल्या घरी कागद सरकवला गेला. ती बाई बघत राहिली. घड्याळाची टिकटिक. बाहेर कुणाचं तरी बर्फ ढकलायचं यंत्र. दहा सेकंद झाले, पंधरा झाले, आणि मला माझाच आवाज ऐकू आला, “नसेल जमत तर राहू दे हां, काही घाई नाही.” सल्लागाराने माझ्याकडे बघितलं नाही. परतीच्या वाटेवर तिने रेडिओ लावला.

दुसऱ्या भेटीला मी तोंडात गोळी ठेवूनच गेले. ही यादीतली सर्वांत वरची, पाच चांदण्यांची बाई. तळ्याकाठी घर, दोन बोटी, नवऱ्याच्या नावाचा दवाखान्यात एक अख्खा मजला. पाच लाखांचं स्थळ ते हेच, असं सगळ्यांचं मत. तिने घर दाखवलं, सूप दिलं, १९८१ च्या फोटोत स्वतःला शोधून दाखवलं. सल्लागाराने कागद सरकवला. मी गोळी चघळली. त्या बाईने कागद उचलला, घडी घातली, अगदी नीट, कडेला कड जुळवून, आणि म्हणाली, “माझ्या मुलीला तुम्ही घेतलं नाहीत.”

चौदा वर्षांपूर्वीची गोष्ट. सदस्याची मुलगी किंवा बहीण असेल तर तिला ‘लेगसी’ म्हणतात. तिला झुकतं माप द्यायचं असा रिवाज होता. (२०२० नंतर बऱ्याच राष्ट्रीय संघटनांनी तो काढून टाकला, तो वेगळा तमाशा.) निर्णय घेणार कोण, तर वीस वर्षांच्या मुली, रात्री दोन वाजता, पिझ्झा खात. त्यांनी हिच्या लेकीला दुसऱ्या फेरीत वगळलं. त्या मुली आता कुठे असतील ते कुणाला ठाऊक नाही, त्यांना तर हे आठवतही नसेल. हिला मात्र वार आठवत होता, हवामान आठवत होतं, मुलीने फोन केला तेव्हा गॅसवर काय होतं तेही. संगणकाला यातलं काहीही माहीत नव्हतं. आत्याच्या वहीत हे पहिल्या ओळीत असतं : ‘यांच्याकडे जाऊ नका. भाचीला नकार दिला होता आपण.’

उरलेल्या भेटी मी ऐकीव सांगते. बहुतेकींना घर आहे तसंच हवं होतं, फक्त गळायला नको होतं. एकजण लिफ्टला पैसे देते म्हणाली, पण ती दिसता कामा नये. दोघींनी आपापलं नाव दिवाणखान्याला द्यायची अट घातली, आणि त्या दोघी १९६८ पासून एकमेकींशी बोलत नाहीत.

आता इथे माझं स्वतःचं शेत आलं, म्हणजे कर. हाउस कॉर्पोरेशन ही आयकराच्या भाषेत ५०१(सी)(७), म्हणजे क्लब. क्लबाला दिलेल्या देणगीवर सूट नाही. सूट हवी तर पैसे ५०१(सी)(३) फाउंडेशनला द्यायचे, आणि फाउंडेशन ते फक्त शिक्षणाच्या कामाला वापरू शकतं. म्हणजे अभ्यासाच्या खोलीवरचं छप्पर धर्मादाय, आणि त्याच छपराचा जो भाग स्वयंपाकघरावर येतो तो चैन. मी हे समितीला समजावून सांगितलं त्या दिवसापासून घरात अभ्यासाच्या खोल्यांची साथ आली. जेवणघरात ‘गटचर्चा’ होऊ लागल्या. जिन्याखालची कोठी ‘शांत वाचन कक्ष’ झाली. कपडे धुण्याच्या खोलीत मुली पुस्तकं घेऊन बसतात, हे मी स्वतः बघितलंय, असं शपथेवर सांगायला एक बाई तयार होती. मी नको म्हटलं. शेवटी आर्किटेक्टने जी एक खरोखरीची मोठी खोली दाखवली ती तिसऱ्या मजल्यावरची ‘कोल्ड डॉर्म’. ती पाडून तिथे मोठी, गरम, दिव्याबिव्यांची अभ्यासिका करायची. त्यावर सूटही मिळणार. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मीसुद्धा.

शेवटची भेट ठरवलेल्या भेटींत नव्हतीच. ऐपत एक चांदणी, घर भाड्याचं, शेअर्स नाहीत. पण १९६३ पासून दर वर्षी न चुकता २५ डॉलर पाठवणारी, म्हणून आभाराला मी एकटीच गेले. चौऱ्याऐंशी वर्षांची, पांढरा स्वेटशर्ट, त्यावर सोरॉरिटीची तीन ग्रीक अक्षरं. मला म्हणाली, मला पहिल्या नावाने हाक मार. साता जन्मांत मला ते जमलं नसतं. मी दोन तास तिला काहीच हाक न मारता काढले.

तिने कोल्ड डॉर्मचं सांगितलं. अख्ख्या घराच्या मुली रात्री त्या एका हॉलमध्ये झोपायच्या, दोन मजली पलंगांच्या ओळी, आणि खिडक्या जानेवारीतसुद्धा उघड्या. मोकळी हवा तब्येतीला चांगली, असा समज. सकाळी पांघरुणावर बर्फाची भुरभुर असायची. इलेक्ट्रिक पांघरुणं आली तेव्हा एका रात्री तीस जणींनी एकदम लावली आणि फ्यूज उडाला. (म्हणजे फ्यूजची परंपरा जुनी आहे.) खाली दिवाणखान्यात रात्री गोल करून मेणबत्ती हातोहात फिरवायच्या. कुणाचं जमलंय ते कुणालाच ठाऊक नसायचं. जिचं ठरलं असेल ती फुंकर मारायची. १९६२ च्या मार्चमध्ये हिने मारली. “आणि दोन जागा पलीकडे बसलेली माझी खोलीतली मैत्रीण इतक्या जोरात किंचाळली की मेट्रन धावत आली. ती अजून दर रविवारी फोन करते. नवरा जाऊन अकरा वर्षं झाली, तो तेव्हाही फार बोलायचा नाही.”

मग तिने विचारलं, “ती वरची थंड खोली ठेवणार आहात ना?”

मी चहाचा मोठा घोट घेतला. इथे गप्प बसणं मला पहिल्यांदाच जमलं.

निघताना दारात, अगदी आत्यासारखी चप्पल सरकवायच्या वेळी, ती म्हणाली, “मृत्युपत्रात मी घराला थोडं ठेवलंय, एक्क्याण्णव सालापासून. कुणी विचारलंच नाही कधी, म्हणून बोलले नाही.” आणि आकडा सांगितला. तो त्रिकोणात वरून दुसऱ्या ओळीत बसत होता.

बैठकीत हे सांगितल्यावर क्षणभर सगळ्यांचे डोळे पाणावले. मग खजिनदारबाईंनी पेन हातात घेऊन मृदू आवाजात विचारलं, “तब्येत कशी आहे त्यांची?” मी म्हटलं, रोज तीन मैल चालतात, बिनसाखरेचा चहा घेतात, आई शंभरीला गेली. खजिनदारबाईंनी ‘फार छान’ म्हटलं आणि पेन खाली ठेवलं. सल्लागाराने विचारलं, साडेसत्तर पूर्ण आहेत ना? या देशात सत्तर वर्षं सहा महिने झाले की निवृत्तीच्या खात्यातून थेट धर्मादाय संस्थेला पैसे देता येतात, ते उत्पन्नात धरत नाहीत. वय सांगताना ‘साडे’ लावणारे मला दोनच माहीत आहेत : बालवाडीतली मुलं आणि अमेरिकेचं आयकर खातं.

अहवाल एप्रिलमध्ये आला. ९० पानं, गुळगुळीत कागद. सारांश असा की ३० लाख नाही, १८ लाख शक्य वाटतात. सर्वाधिक ओढ कोल्ड डॉर्मबद्दल आढळली. सदर खोली आराखड्यानुसार पाडावयाची आहे. यावर दीड तास चर्चा होऊन असं ठरलं की खोली पाडावी आणि अभ्यासिकेच्या दारावर ‘येथे कोल्ड डॉर्म होती’ अशी पितळी पाटी लावावी. एकीने एक खिडकी कायमची उघडी ठेवायची सूचना मांडली. ती हीटिंगवाल्याने फेटाळली.

शेवटची शिफारस होती की सुरुवात घरातून करावी. बाहेर हात पसरण्याआधी समितीतल्या प्रत्येकीने दिलेलं असलं पाहिजे, नाहीतर लोक विचारतात. समितीला जाणाऱ्या पत्राचा मसुदा करायचं काम माझ्याकडे आलं, गणित येणाऱ्याला इंग्रजीही येतं या न्यायाने. मी जीव ओतला. ‘आपल्यासारख्या दूरदर्शी स्त्रियांच्या खांद्यांवर’ वगैरे. रकमेची जागा मोकळी सोडली. ती ज्याच्या-त्याच्या चांदण्यांप्रमाणे संगणक भरणार होता.

आठवड्याने मी ऑफिसातून आले तर नवरा जेवणाच्या टेबलाशी चष्मा लावून पत्र वाचत होता. “अगं, ही कोण बाई आहे? सही थेट तुझ्यासारखी आहे. आपल्याकडे एक लाख डॉलर मागतेय.”

मग मात्र मी मर्यादा सोडून एक्सेल उघडलं. माझ्या नावाला चार चांदण्या होत्या. आसपासच्या तीन काउंट्यांतल्या, माझ्याच आद्याक्षराच्या जेवढ्या जोशी होत्या तेवढ्या सगळ्या संगणकाने एका ओळीत गोळा करून माझ्या नावावर केल्या होत्या. चार घरं, त्यांतलं एक पोहण्याच्या तलावासकट. एक दातांचा दवाखाना. एका देवळाच्या विश्वस्त मंडळावर जागा. आणि एका सिनेटरला दिलेले ५०० डॉलर, ज्याला मी आणि माझा नवरा दोघंही जन्मात मत देणार नाही.

नवऱ्याने सगळं शांतपणे, खालपासून वरपर्यंत दोनदा वाचलं. मला वाटलं आता चिडतो.

“तलाव असलेल्या घराची किल्ली कुणाकडे असते,” तो म्हणाला, “तेवढं विचारून ठेव. जूनमध्ये माझे भाऊ-वहिनी येतायत.”